पांढरखेड्याचा सांगावा

या, जरा पुढं सरकून बसा. त्या खांबाआडच्या माउली, तुम्हीबी या. मागं बसलं की गोष्ट अर्धीच पोचते, आणि ही गोष्ट अर्धी पोचण्यापेक्षा न सांगितलेली बरी. टाळ घटकाभर बाजूला ठेवा. बुवा आख्यानाला लागण्याआधी घोटभर पाणी घेतात ना, तसल्या घोटभर पाण्याचीच ही गोष्ट आहे. राजा-राणी नाही, राक्षस नाही. आपल्याच जालना जिल्ह्यातली, आपल्यासारखीच माणसं आहेत. हसू आलं तर खुशाल हसा, पण शेवट हसवणारा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हसनाबादजवळच्या एका वाडीत भुजंगराव पखवाजी राहतात. साठीला टेकलेला माणूस. बोलणं कमी, हात गोड. बुवा कीर्तनाला उभे राहिले आणि भुजंगरावांनी पहिली थाप टाकली की मागं गप्पा मारणाऱ्या बायाबी पदर सावरून बसायच्या. त्यांच्याकडं पांढरखेड्याचा हरिओम पखवाज शिकायला यायचा. शिकायला आला पखवाज, पण देवानं गळा दिला होता, म्हणून गाण्यातच जास्त रमला. बाप लहानपणीच गेलेला. आई तुळजाबाई, आणि तिला हे एकच लेकरू.

गेल्या वर्षी भादव्याच्या शेवटाला पाऊस कसा झाला ते तुम्हाला मी काय सांगू? तुमच्याबी शेतात उभा होताच तो. त्या दिवसांत एका गावचं कीर्तन आटोपून मंडळी परत निघाली होती. ओढ्याच्या पुलावर गाडी बंद पडली. पाणी तेव्हा गुडघ्याएवढंच होतं. सगळे उतरले, एकमेकांचे हात धरले आणि काठाकडं चालू लागले. सगळ्यात मागं हरिओम, त्याच्या पुढं भुजंगराव. तेवढ्यात वरून लोंढा आला. हातांची साखळी तुटली ती तिथंच, भुजंगरावांच्या बोटांपाशी. बाकीचे काठाला लागले.

पाणी उतरल्यावर हरिओम खालच्या बंधाऱ्याला सापडला. देह ठेवण्यासारखा राहिला नव्हता. पांढरखेड्याला जाणारे रस्ते तुटलेले, फोन मुके. सरकारी सोपस्कार झाले आणि आईची वाट न पाहता अग्नी द्यावा लागला. दिला भुजंगरावांनीच. राख निवली, आणि मंग एकच काम उरलं. तुळजाबाईला सांगायचं. बुवा म्हणाले, दुसऱ्या कोणाला पाठवू. भुजंगराव म्हणाले, "माझ्या हातातून गेला. सांगावा बी मीच नेतो."

आपल्याकडं मयताचा सांगावा नेणारा माणूस त्या घरचं पाणी घेत नाही. दारात बसतो. पाण्याचा तांब्या पुढं आला की नुसते हात जोडतो. घरातल्या जाणत्या माणसाला तेवढं पुरतं. जिभेवर शब्द येण्याआधी अर्धं सांगून झालेलं असतं. ज्यानं कोणी ही रीत घातली त्याला सांगणाऱ्याची कीव आली असावी. भुजंगरावांनी घरून निघताना मनाशी ठरवलं की आपण वाटेतबी पाण्याला शिवायचं नाही. तेवढंच पोराचं सुतक आपल्या अंगाला.

सकाळी टेंभुर्णीचे खुर्शीदभाई आपला छोटा हत्ती टेम्पो घेऊन दारात उभे राहिले. खुर्शीदभाईंचा धंदा मंडप आणि लाऊडस्पीकरचा. या भागातला एक सप्ता त्यांच्या कर्ण्याशिवाय झाला नसेल. "माझ्याएवढी कीर्तनं ऐकलेला माणूस दाखवा, मी दुकान बंद करतो," असं ते बुवांच्या तोंडावर म्हणायचे, आणि तसा माणूस कोणाला दाखवता आला नव्हता.

भुजंगरावांची बायको वंदना पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली. तिनं ती गाडीत ठेवली. भुजंगरावांनी ती पायाखाली सरकवली.

गाडी डांबरीला लागली तसं खुर्शीदभाई म्हणाले, "महाराज, ती बाटली पायाखाली काहून घेतली?"

"राहू द्या."

"ऊन पाहून राह्यले ना? पावसानंतरचं ऊन हाय, सीधं डोक्यात जातं."

"सांगावा घेऊन चाललोय, भाई."

"तिच्या घरचं न्हाई प्यायचं, ते मला बी ठाव हाय. पण ही बाटली तर वंदनावहिनीनं भरली."

"मन न्हाई होत."

"मन न्हाई होत म्हणा मंग. रीतीच्या माथ्यावर काहून मारता? तुम्ही लोक ना, देवाला बी कामाला लावता आणि रीतीला बी." थोडा वेळ गाडी खड्डे मोजत राहिली. मंग भाईच पुन्हा म्हणाले, "आमच्यात मयताच्या घरी शेजारी पाणी घेऊन जातात. जेवण बी. त्या घरची चूल पेटूच देत न्हाईत."

"आमच्यात बी नेतात. मागून."

"मंग आधी तहान आणि मागून पाणी," खुर्शीदभाई म्हणाले.

दोन्ही बाजूंना सोयाबीन उभ्या जागी कुजली होती. तिचा आंबूस वास काचा वर केल्या तरी आत येत होता. कपाशीची बोंडं काळी पडून खाली माना घालून होती. विजेचे खांब ओणवे झालेले. बाभळींच्या शेंड्यांना कडबा, चिंध्या, कोणाचं तरी धोतर, आणि एका बाभळीला लाकडी पाळणा अडकलेला. पाळण्याची दोरी वाऱ्यानं हलत होती. भुजंगरावांनी तिकडून नजर काढली आणि आपल्या पंजाकडं बघत राहिले.

भोकरदनच्या पुढं रस्ता संपला. म्हणजे डांबर होतं, त्याच्याखालची जमीन नव्हती. खुर्शीदभाईंनी गाडी एका लिंबाखाली लावली, चपला हातात घेतल्या आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"तुम्ही थांबा इथं, भाई. मी जातो."

"आणि तुम्ही चिखलात रुतले तर? पखवाजाच्या अंगाचा माणूस, एकदा बसला की उठायचा न्हाई. चला जल्दी."

तो नदीकाठचा पट्टा फार जुन्या लोकांचा. तिथं नांगराला अजून विटा लागतात. काठाच्या खडकात कोणा काळच्या साधूंनी कोरलेल्या खोल्या आहेत, पडक्या बारवा आहेत, शिवारात वीरगळ उभे आहेत, एखाद्या टेकडीवर शिखर हरवलेलं दगडी देऊळ आहे. एरवी गुराखी सोडले तर तिकडं फिरकतंय कोण? पण पुरानं वरची माती खरवडून नेली होती, आणि जे शेकडो वर्षं झाकलेलं होतं ते उघडं पडलं होतं. जित्या माणसांची घरं खाली बसली होती आणि मेलेल्यांची वर आली होती. त्या दोन्हींच्या मधल्या चिखलातून हे दोघं चालले होते.

खडकातल्या खोल्यांत छतापर्यंत गाळ भरला होता. एका दाराशी म्हैस अडकून मेलेली, गळ्यातलं दावं तसंच. नाकाला रुमाल लावून पुढं जाताना भुजंगराव थबकले.

"या खोलीत एकदा पोरानं आलाप घेतला होता," ते म्हणाले. "आम्ही पाहुण्याच्या गावाला चाललो होतो. आत गेला आणि नुसता 'राम' म्हणला. आतून दहा जणांनी म्हणल्यासारखं झालं. मंग बाहेरच येईना."

"मला विचारा," खुर्शीदभाई म्हणाले. "बाकीच्यांसाठी आवाज वाढवावा लागतो. तो उठला की मी बटन मागं घ्यायचो." एवढं म्हणून ते चालू लागले.

पुढं बारव लागली. पायऱ्या बुडालेल्या, पाणी काठोकाठ, तपकिरी. त्या पाण्यावर चपला तरंगत होत्या. लहान, मोठ्या, बायांच्या, पोरांच्या. कुठून कुठून वाहत येऊन इथंच गोळा झालेल्या. बारवेच्या कोनाड्यातला देव कमरेपर्यंत पाण्यात होता आणि त्याच्यापुढं त्या फिरत होत्या, जशा देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा. भुजंगरावांनी सवयीनं हात जोडले. जोडल्यावर त्यांना सुचेना की काय मागावं.

ऊन डोक्यावर आलं. भुजंगरावांची जीभ टाळूला चिकटायला लागली. खुर्शीदभाईंनी आपली बाटली संगं आणली होती. त्यांनी एकदा ती पुढं केली, भुजंगरावांनी मान हलवली. खुर्शीदभाईंनी झाकण उघडलं, काय वाटलं कोणास ठाऊक, पुन्हा लावून टाकलं.

पांढरखेड्याच्या अलीकडं पांढरीचं टेकाड आहे. पांढरी म्हणजे जुनं गाव बसलेली माती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या टेकाडाची नदीकडची बाजू सुरीनं भाकर कापावी तशी कापली गेली होती. कापल्या अंगाला विटांच्या भिंती, चुलीची काळी राख, रांजणाची पोटं एकावर एक. टेकाडाच्या कडेला एक म्हातारा कुदळीवर हात टेकून बसला होता. अप्पाराव त्याचं नाव. ते शेत त्याचं.

"बघा महाराज," तो रामकृष्णहरी करून म्हणाला, "माझं शेत गेलं आणि कोणाचं तरी घर निघालं."

"सोनं-नाणं?" खुर्शीदभाईंनी विचारलं.

"बांगड्या निघून राह्यल्या, शंखाच्या. आणि मणी. माझी म्हातारी म्हणली, आणा घरी. म्हणलं, आधी घर तर दाखव." तो दात नसलेल्या तोंडानं हसला. "त्यांचं बी असंच गेलं असंल न्हाई का? पाण्यातच. चुलीवर भांडं तसंच हाय बघा."

खरंच होतं. राखेवर मडकं कलतं होऊन बसलेलं, आत गाळ. कोणा बाईनं कोणासाठी तरी ठेवलेलं. उतरवायला वेळ मिळाला नव्हता.

अप्पारावानं आपल्या जवळचा पाण्याचा डबा उचलला आणि भुजंगरावांपुढं धरला. भुजंगरावांनी हात जोडले. अप्पारावानं डबा खाली ठेवला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

"कोणाचं?" त्यानं विचारलं.

"पांढरखेड्याचं."

"नाव सांगू नका," अप्पाराव म्हणाला. "मी त्याच गावचा हाय. मंग मला बी सांगत बसावं लागंल." जरा थांबून म्हणाला, "पण जल्दी करा. टावरला डिझेल घेऊन पोरं गेल्ती सकाळी. चालू करून राह्यलेत. एकदा का फोन लागले की तुमच्या आधी दुसरंच कोणी सांगंल."

तिथून पुढं भुजंगराव जवळजवळ पळतच निघाले. मनात एकच. हे तिला मोबाइलवर कळू नये. कोणी फोटो पाठवला असेल, कोणी दोन हात जोडल्याचं चित्र टाकलं असेल, ते तिच्यापुढं येण्याआधी आपण पोचावं. दारात बसावं, हात जोडावेत, रीतीनं कळावं. लेकराचा हात सुटला, निदान एवढं तरी आपल्या हातून नीट व्हावं.

पण पांढरखेड्याला दारच उरलं नव्हतं.

गाव म्हणजे गाळात उभ्या चार भिंती. वाचलेली माणसं टेकडीवरच्या जुन्या दगडी देवळात राहत होती. त्या देवळाला शिखर नाही, गाभाऱ्यात पिंड आहे आणि पुढं मोठा सभामंडप आहे. खांबाखांबांना दोऱ्या बांधून ओले कपडे टाकलेले. कोरलेल्या नर्तकीच्या पायाशी तीन दगडांची चूल. नंदीला शेळ्या बांधलेल्या. हे दोघं पायऱ्या चढून वर आले तसं मंडपातल्या सगळ्या माना तिकडं वळल्या. सगळ्यांना ठाऊक होतं हरिओम कोणाबरोबर गेला होता.

तुळजाबाई खांबाआडून पुढं आली. उंच, वाळलेली बाई, पदर कमरेला खोचलेला.

"भुजंगदादा," ती म्हणाली. "एकटेच?"

"खुर्शीदभाई हायेत की संगं."

तिनं त्यांच्या मागं पायऱ्यांकडं पाहिलं. अजून कोणी चढत नव्हतं. तिनं पुढचा प्रश्न विचारला नाही. ती वळली, कोपऱ्यातल्या हंड्यापाशी गेली. देवळाच्या दगडी पन्हाळीतून पडलेलं पावसाचं पाणी बायांनी लुगड्याच्या पदरानं गाळून, उकळून त्या हंड्यात साठवलं होतं. साऱ्या मंडपाला तेवढंच. तिनं तांब्या भरला. भरून आणला आणि दोन्ही हातांनी भुजंगरावांपुढं धरला.

"घ्या दादा," ती म्हणाली.

काय सांगू तुम्हाला. तिचा आवाज त्या वेळी लहान पोरीसारखा झाला होता. चूल फुंकणारी बाई फुंकणी हातात धरून बसली होती. भिंतीशी टेकलेली म्हातारी तोंडावर पदर घेऊन, डोळे तेवढे उघडे ठेवून बघत होती. प्रत्येकाला रीत ठाऊक होती. ती बाई पाणी देत नव्हती, विचारत होती. आणि सगळा मंडप उत्तराची वाट बघत होता.

भुजंगरावांनी हात जोडायला उचलले. तेवढ्यात तिच्या डोळ्यांत त्यांनी पाहिलं. पुढचं त्यांना समजलंच नाही. जोडायला उचललेल्या हातांनी तांब्या धरला. त्यांनी तो तोंडाला लावला आणि एका दमात सगळं पाणी गटागटा पिऊन टाकलं. दाढीवरून, सदऱ्यावरून ओघळ आले.

मंडपानं श्वास सोडला. म्हातारीनं पदर खाली घेतला आणि "पांडुरंगा" म्हणाली. तुळजाबाई खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत होती.

"तिकडंच ठेवलं ना त्याला?" ती म्हणाली. "बरं केलं. म्हणावं रस्ता होईस्तोवर येऊ नको. मी या बायांना सांगूनच राह्यले होते. म्हणलं भुजंगदादाच्या संगं हाय माझं लेकरू." तिनं मंडपाकडं पाहिलं. "घर गेलं, म्हैस गेली. म्हणलं ने रे देवा, तुझंच होतं. हे एवढं एक ठेव. ठेवलं त्यानं."

भुजंगराव एक अक्षर बोलले नव्हते. खोटं असं काहीच बोलले नव्हते. तिनंच विचारलं, तिनंच उत्तर घेतलं.

"बसा, पिठलं टाकते," ती म्हणाली. "मदतीचं पीठ हाय, चवीला कसं लागंल देव जाणे. खुर्शीदभाईला बी बोलवा."

खुर्शीदभाई मंडपात आलेच नव्हते. वरच्या पायरीवर पाठमोरे बसले होते. भुजंगराव त्यांच्याजवळ जाऊन उकिडवे बसले.

"महाराज," खुर्शीदभाई हळू आवाजात म्हणाले, मान न वळवता, "हे काय केलं तुम्ही?"

"मला कळलं न्हाई, भाई."

"दिवसभर तुम्हाला म्हणतोय पाणी प्या, पाणी प्या. तर तुम्ही इथं येऊन प्यालात. तिला सांगितलं तुम्ही, पोरगं जित्तं हाय म्हणून."

"मी तोंडानं काही बोललो न्हाई."

"तोंडानंच तर प्यालात."

भुजंगरावांनी खाली मान घातली. मागं मंडपात कोणाच्या तरी गाठोड्यात फोन एकदाच टुणकन वाजला. "रेंज आली का गं?" कोणीतरी विचारलं. "आल्ती, गेली," दुसरी म्हणाली.

"ऐकलं?" खुर्शीदभाई म्हणाले. "जाऊन सांगा."

"जेवण झाल्यावर सांगतो. तिला दोन घास खाऊ द्या."

"आणि तुम्ही? तिच्या हातचं खाणार? तिच्या पोराचा सांगावा घेऊन?"

भुजंगराव उठले आणि मंडपाच्या कडेला जाऊन खांबाला पाठ लावून बसले. चुलीवर पिठल्याला उकळी आली होती. तुळजाबाई आता मोठ्यानं बोलत होती, शेजारणीला सांगत होती की दिवाळीनंतर त्याच्यासाठी पोरगी बघायला टेंभुर्णीला जायचं हाय. शेजारीण चेष्टा करत होती. "तुझ्या पोराला गाणारी लागंल बाई, न्हाईतर घरात कोण ऐकायचं."

"ऐकणारीच पाहू की मंग. गाणारे दोन झाले तर भाकरी कोण थापंल?"

भुजंगरावांना वाटलं हा खांब अंगावर पडावा. शेकडो वर्षं उभा आहे, आजच का पडू नये.

मंग तुळजाबाईला आठवलं. तिनं पुन्हा तांब्या भरला आणि पायरीकडं गेली.

"भाई, तुम्ही तसेच बसलात की. घ्या पाणी."

"न्हाई, ताई."

"काहून? आमचं चालत न्हाई का आता? माझ्या पडवीत बसून ताटभर पुरणपोळ्या खाल्ल्यात तुम्ही." ती हसतच होती.

"चालतं, ताई. आज न्हाई."

"उपास हाय का?"

माउलींनो, इथं त्या माणसाला 'हो' म्हणता आलं असतं. कोण विचारणार होतं? ओठ फुटले होते त्याचे उन्हानं. दिवसभर आपली बाटलीसुद्धा उघडून बंद केली होती त्यानं.

"न्हाई," खुर्शीदभाई म्हणाले. आणि त्यांनी हात जोडले.

तुळजाबाई तशीच उभी राहिली. हसू तोंडावरून एकदम गेलं नाही, थोडं थोडं गेलं. तिनं त्यांचे जोडलेले हात पाहिले. चिखलानं माखलेले पाय पाहिले. मंग वळून खांबाकडं पाहिलं. भुजंगराव गुडघ्यांत डोकं घालून बसले होते.

ती हंड्यापाशी गेली. तांब्यातलं पाणी तिनं हळूच हंड्यात परत ओतलं, थेंब खाली पडू दिला नाही. मंग येऊन भुजंगरावांच्या पुढ्यात मांडी घालून बसली. कीर्तनात पहिल्या रांगेत बसावी तशी.

"दादा, आता सांगा," ती म्हणाली.

त्यांनी सांगितलं. ओढा सांगितला, साखळी सांगितली. "माझ्याच हातात होता त्याचा हात. माझ्याच हातातून गेला," ते म्हणाले.

"अग्नी?"

"मीच दिला. थांबता आलं न्हाई, बाई. तुम्हाला दाखवण्यासारखा न्हवता."

चुलीवर पिठलं करपायला लागलं. कोणी उठलं नाही.

"जेवला होता का?" तुळजाबाईनं विचारलं.

"हो. महाप्रसाद झाल्ता. बुंदी पुन्हा मागून घेतली त्यानं. वाढणाऱ्याला म्हणला, हात आखडू नका."

तिनं मान हलवली, जसं काही हेच तिला ऐकायचं होतं. मंग बराच वेळ दगडी फरशीवर बोट फिरवत राहिली. भुजंगराव म्हणाले, "मी पाणी प्यायला नको होतं."

"तुम्ही पाणी प्याले म्हणून घटकाभर अजून जगला तो," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

हे तिनं रागानं म्हटलं की मायेनं, ते भुजंगरावांना त्या वेळी समजलं नाही. आजही समजलेलं नाही. कोणाला सांगायला गेले की तिथंच अडखळतात. त्यांनी आपला पंजा तिच्यापुढं उघडा केला, काही द्यायचं असल्यासारखा. त्यात काहीच नव्हतं. तिनं तो एकदा दोन्ही हातांत धरला आणि सोडून दिला. मंग शेजारीण उठून आली, म्हातारी सरकत आली, आणि त्या जुन्या दगडी मंडपात बायांचा आवाज उठला. खालच्या गाळापर्यंत, टेकाडापर्यंत गेला असेल. खुर्शीदभाई पायरीवरून उठले, चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि विझवली.

एवढंच आहे. पुढं रस्ता झाला, देवळातली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. तुळजाबाई अजून तिथंच आहे. भुजंगराव अधूनमधून जातात. दारात बसतात, ती तांब्या भरून आणते, ते पितात.

आता उठण्याआधी एक मागणं आहे. पैसा नको, फूल नको. भजनाला बसल्यावर सगळ्यांचे गळे थकतात, चाल खाली यायला लागते, आणि मागच्या रांगेतून एखादं पोर तेच चरण पुन्हा वर उचलून धरतं, असं होतं ना? हरिओम तसा उचलायचा. सगळे थकले की हात कानाला लावून उभा राहायचा आणि हसून सुरू करायचा. तुमच्या गावात असं कोणी चरण उचललं, तर पांढरखेड्याच्या तुळजाबाईच्या हरिओमची एकदा आठवण करा. नाव मोठ्यानं नाही घेतलं तरी चालेल.